डाव आणि तोड : रविवारच्या सरावाच्या नोंदी

रविवार, २ जून २०२४

आज सुरुवात झाली. कॉम्प्युटर क्लासच्या वरच्या खोलीत पाच जण जमलो: ताई, मेडिकलवाले काका, मोटर रिवाइंडिंगवाला दादा, भाचा आणि मी. खेळायला चौघं, मी मागे वही घेऊन. फलटणचं ऊन अजून उतरलेलं नाही, दोन पंखे लावूनही फोन तापत होते.

हे सगळं ताईमुळे सुरू झालं. ती नर्स आहे. रात्रपाळी करून आली की झोप लागेपर्यंत बीजीएमआय खेळते. हा फोनवरचा बंदुकांचा खेळ, सगळे एका नकाशावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. खेळ तिला मनापासून आवडतो, पण रोज तेच घडतं. उतरायचं, बंदूक शोधायची, एखाद्या घरात शिरायचं आणि जिन्यावर दबा धरून बसलेल्या कोणाच्या तरी हातून मरायचं. मग मला फोन: "हा नक्की हॅकर होता, बघ तू." तिने पाठवलेली अकरा रेकॉर्डिंग मी एकेक करून, थांबवत थांबवत पाहिली. हॅकर मला एकाही ठिकाणी दिसला नाही. नऊ वेळा समोरचा नुसता शांत बसून तिच्या पावलांचा आवाज ऐकत होता. ताईचा राग खरा आहे, निदान चुकलंय.

ही माणसं आठवड्यातून पाच-सहा तास खेळणारी. त्यांना स्पर्धेत उतरायचं नाही, रँकही फार चढवायची नाही. पण सामन्यात त्यांच्याशी भिडणाऱ्यांना शंभर युक्त्या माहीत असतात आणि यांना एकही नाही. या युक्त्यांना लोक 'चीप' म्हणतात, कॅम्परला, म्हणजे एका जागी दबा धरून बसणाऱ्याला, शिव्या घालतात. त्यामुळे साधा खेळाडू त्या शिकतही नाही आणि त्यांच्यापासून वाचतही नाही. मला हे खटकतं.

सहा रविवारांचा बेत ठरवला. शिकवायचे विषय: घरात दबा धरणं, गवतात पडून राहणं, पूल अडवणं, दोघांच्या भांडणात तिसऱ्याने घुसणं आणि नॉक झालेल्याला, म्हणजे गोळी लागून पडलेल्या पण अजून न मेलेल्याला, आमिष म्हणून सोडणं. जमलं तर टीडीएममधला (दोन संघांच्या छोट्या लढतीतला) स्पॉन, म्हणजे मेल्यावर पुन्हा जिवंत व्हायची जागा, अडवण्याचा प्रकारही. यातलं काहीच खेळाच्या नियमांबाहेर नाही, तरी प्रत्येकावरून भांडणं होतात. हॅक, नकाशातले बग आणि विरुद्ध संघाशी आतून हातमिळवणी हे मात्र शिकवायचं नाही. त्यावर आज चर्चाही केली नाही.

पद्धत आजोबांच्या तालमीतली. तिथे डाव शिकवला की त्याची तोड त्याच दिवशी शिकवायचे, नाहीतर पोरं एकमेकांचे हातपाय मोडतील. म्हणून पहिला तास डाव, दुसरा तास तोड, आणि दुसऱ्या तासाला कोणी उठून जायचं नाही.

बुधवार, ५ जून

गवताच्या धड्याची तयारी. भाचा आणि मी दोन फोन घेऊन खेळातल्या इरँगल नकाशाच्या एका माळावर उतरलो. तो गवतात पालथा पडला, मी चालत लांब जात राहिलो. दहा पावलांवरून तो दिसेना, गवताने पूर्ण झाकला होता. नकाशावरचे दोन लहान चौकोन, म्हणजे २०० मीटर मागे गेलो आणि चौपट जवळ दाखवणारा फोर एक्स स्कोप लावून पाहिलं तर साहेब उघड्या जमिनीवर झोपलेले. गवताची काडी नाही.

फोनवरचा ताण कमी राहावा म्हणून गेम गवत फक्त जवळचं काढतो, लांबचं काढतच नाही. लपलेल्याला आपल्याभोवती गच्च गवत दिसत असतं आणि त्याला वाटतं आपण अदृश्य आहोत. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही, वर्षानुवर्षं खेळूनसुद्धा. भाचा माझा फोन हातात घेऊन स्वतःला स्कोपमधून पाहत राहिला. म्हणाला, "मामा, म्हणजे मी आत्तापर्यंत असाच मरत होतो?"

रविवार, ९ जून

जिना.

कस्टम रूम, म्हणजे फक्त आपल्याच माणसांचा सामना, काढून नकाशावरच्या पोचिंकी गावातल्या दुमजली घरात बसलो. आधी दारं. सामना सुरू होताना घरांची दारं बहुधा बंद असतात. उघडं दार दिसलं की समजायचं, कोणीतरी आत आहे किंवा येऊन गेलंय. म्हणून आत गेल्यावर दार मागे लावून घ्यायचं. एवढ्या एका सवयीने येणारा गाफील राहतो. काका म्हणाले, दुकानाचं शटर अर्धं ओढलं की गिऱ्हाईक आत येत नाही, तसंच हे. मी त्यांना म्हटलं, उलटं आहे काका, इथे शटर पूर्ण ओढायचं म्हणजे गिऱ्हाईक बिनधास्त आत येतं. यावर ते खूप वेळ विचार करत होते.

मग बसायची जागा. नवीन माणूस जिन्याच्या तोंडाशीच बसतो, ते चूक. टीपीपीमध्ये, म्हणजे आपला माणूस आपल्याला बाहेरून दिसतो त्या प्रकारात, कॅमेरा आपल्या मागे, उजव्या खांद्याच्या वर असतो. भिंतीआड उभं राहून, अंगाचा केसही बाहेर न काढता, आपल्याला जिना दिसतो आणि चढणाऱ्याला आपण दिसत नाही. उजवीकडून डोकावलं तर अंग कमी उघडं पडतं, डावीकडून जास्त. लोकांचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीवर आहे, आणि तो राग मला पटतो. माणसाचे डोळे भिंतीपलीकडे पाहू शकत नाहीत, इथे पाहतात. म्हणूनच एफपीपी, म्हणजे आपल्या माणसाच्याच डोळ्यांनी पाहायचं, हा वेगळा प्रकार ठेवलेला आहे. पण टीपीपी खेळायचं ठरवलं तर कॅमेरा दोघांनाही सारखाच मिळतो.

ताई वरच्या खोलीत भिंतीला लागून बसली. खाली भाचा आणि दादा शोधत आले. तिच्या एका कानात इअरफोन, दुसरा कान मोकळा. मी तिच्या मागेच उभा होतो. खालच्या मजल्यावर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. तिचा अंगठा फायरच्या बटणावर टेकलेला, दाबलेला नाही. पहिल्या पायरीचा आवाज आला तेव्हा ती दाबणार असं मला वाटलं. तिने दाबलं नाही. चौथी, पाचवी पायरी. भाच्याचं हेल्मेट कठड्याच्या वर आलं, आणि मग यूएमपी बंदुकीची अर्धी मॅगझिन. भाचा खुर्चीतून उठून ओरडला, "आई!" ताईने फोन मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर धरले.

दुसरा तास तोड. जिन्यावर माणूस आहे असं वाटलं तर जिना चढायचाच नाही. खालून खिडकीतून ग्रेनेड. ग्रेनेड नसेल तर बाहेर येऊन दुसऱ्या घराच्या खिडकीतून ते घर धरायचं आणि झोनची वाट बघायची. खेळातलं सुरक्षित वर्तुळ, म्हणजे झोन, लहान होत जातं आणि बाहेरच्या निळ्या भागात राहिलं की जीव कमी होत जातो. हा निळा झोन कोणालाच बसून राहू देत नाही, कॅम्पिंगवरची खेळाची स्वतःची तोड तीच आहे. चढायचंच असेल तर न थांबता चढायचं. नेटवर्कच्या उशिरामुळे हलणारा माणूस थांबलेल्याला काही मिलिसेकंद आधी पाहतो. पिंग, म्हणजे नेटवर्कचा उशीर, जास्त असलेल्याला हा फायदा जास्त मिळतो. दादाच्या गावाकडच्या नेटवर त्याने असे तीन जिने सर केले.

रविवार, १६ जून

गवताचा धडा झाला, पण वेळ भांडणात जास्त गेला, आणि ते भांडण महत्त्वाचं होतं.

दादा शेवटच्या झोनमध्ये अकरा मिनिटं पालथा पडून राहिला, एकही गोळी न झाडता. शेवटी काका त्याच्या अंगावरून चालत गेले आणि त्याने त्यांना पाठीमागून मारलं. काकांनी फोन ठेवला. "हा काय खेळ झाला? पाठीत वार करायचा तर मग खेळायचं कशाला?" त्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेलं नाही. दिवसभर दुकानात उभं राहून बावन्न वर्षांचा माणूस रविवारी खेळायला येतो तो लढायला येतो, कोणाच्या तरी पायाखाली सापडायला नाही.

उत्तर दादाने दिलं. तो तालुक्याला कबड्डी खेळलेला. म्हणाला, "काका, आमच्यात पुढे असलेला संघ काय करायचा? चढाईला जायचं, रेषेवर तीस सेकंद नाचायचं आणि रिकाम्या हाताने परत. लोक बोंबलायचे, पण नियमात बसत होतं. मग प्रो कबड्डीत दोन रिकाम्या चढाया झाल्या की तिसरीला गुण आणायचा नाहीतर बाद, असं केलं. पोरांना शिव्या देऊन ते थांबलं नाही, नियम बदलल्यावर थांबलं."

काका म्हणाले, मग इथे नियम का बदलत नाहीत? मी दाखवलं की बदललेलाच आहे. झोन लहान होत जातो, आणि लांबून गवत दिसत नाही हेही गवतात पडणाऱ्याला महाग पडतं. मग भाच्याला टेकडीवर पाठवलं आणि दादाला पुन्हा गवतात. भाच्याने एम ट्वेंटीफोर या लांबून मारायच्या बंदुकीची दुसरी गोळी वाया जाऊ दिली नाही. काका खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आले आणि म्हणाले, "आता मला टेकडीवर पाठव."

गवतावरचा माझा निर्णय: शेवटच्या दोन झोनपुरतं शिकवायचं. आधी गवतात पडणं म्हणजे स्वतःला टेकडीवरच्याच्या हवाली करणं.

रविवार, २३ जून

पूल. आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला दिवस.

इरँगल आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटरचा. दक्षिणेला मिलिटरी बेसचं बेट, आणि मुख्य भूमीला जोडणारे दोनच पूल. बेटावर लूट भरपूर, म्हणून लोक तिथे उतरतात. झोन वरती पडला की सगळ्यांना त्याच दोन पुलांवरून यावं लागतं. पुलाच्या तोंडाशी गाड्या आडव्या लावून चौघं बसले की येणारी जीप म्हणजे आयतं सावज. सगळ्यात जास्त शिव्या याच डावाला पडतात.

आम्ही आधी अडवून पाहिलं. दोघं गाडीच्या आड, एक उंचावर लांबून बघायला, एक मागे, कारण पूल अडवणाऱ्याची पाठ नेहमी उघडी असते. पहिली गोळी माणसाला नाही, टायरला. गाडी थांबली की आतल्याला उतरावंच लागतं, आणि पुलावर आडोसा कमी.

काकांना इथे उंबरखिंड आठवली. आम्ही साताऱ्याकडची माणसं, शिवरायांच्या लढाया लहानपणीच कानावर पडलेल्या. २ फेब्रुवारी १६६१, खोपोलीजवळची चिंचोळी वाट, आत शिरलेलं कारतलबखानाचं सैन्य आणि दोन्ही बाजूंच्या झाडीत मराठे. खानाला मागेही जाता येईना, पुढेही. शेवटी त्याने शरणागती पत्करली, सामान आणि पैसा सोडला, तेव्हा महाराजांनी त्याला वाट दिली. गेल्या रविवारी पाठीत वार म्हणून उठून जायला निघालेले काका आज म्हणाले, "खिंडीत कमी माणसांनी जास्त माणसं अडवणं याला मी वाईट म्हणूच शकत नाही." दादाने त्यांना सांगितलं, काका, तिकडे माणसं मरत होती, इकडे आपण परत लॉबीत, खेळाच्या सुरुवातीच्या स्क्रीनवर, येतो. त्यावर दोघंही जरा गप्प झाले. मलाही ती बरोबरी फार ताणू नये असं वाटतं. पण जागेचं गणित तेच आहे आणि काकांना ते लगेच कळलं, हा मोठा फायदा.

तोड तीन प्रकारे करून पाहिली. बोटीने बाजूने, पोहत, किंवा धुराचे गोळे टाकत गाडीच्या आडोशाने पायी. बोट चालली. पोहणं हळू आहे आणि पाण्यात बंदूक चालत नाही, तरी रात्री उशिरा ताई एकटी पोहत पलीकडे गेली आणि अडवणाऱ्यांच्या पाठीमागे निघाली. धुरातून चालणं दोनदा फसलं, कारण तिघांनी एकाच वेळी धूर टाकला आणि नंतर कोणाकडे उरलाच नाही. पुढे लक्षात ठेवायचं: धूर एकाने टाकायचा, दुसऱ्याने राखून ठेवायचा.

चौथी तोड भाच्याने सांगितली, आणि तीच सगळ्यात शहाणपणाची. बेटावर उतरायचंच नाही.

रविवार, ३० जून

सराव झाला नाही म्हटलं तरी चालेल. काल रात्री बार्बाडोसला आपण दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. कोणीच झोपलेलं नव्हतं. भाच्याचा आवाज पूर्ण बसलेला.

पण क्रिकेटवरून काकांनी एक गोष्ट काढली. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीला विनू मंकडांनी बिल ब्राउनला चेंडू टाकायच्या आधी क्रीज सोडल्याबद्दल धावबाद केलं. त्यावरून इतकी वर्षं त्या बाद करण्यालाच त्यांचं नाव चिकटलं, तेही दूषण म्हणून. २०२२ च्या ऑक्टोबरपासून क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने तो प्रकार 'अयोग्य खेळ' या नियमातून काढून साध्या धावबादच्या नियमात नेला. काका म्हणाले, "आणि त्याला तोड किती सोपी बघा, क्रीजमध्ये उभं राहायचं." त्यांच्या तोंडून तोड हा शब्द आला. मी वहीत त्याखाली रेघ मारली.

रविवार, ७ जुलै

पालख्या निघाल्यात, ताईला वारीची ड्युटी लागणार. आज कसाबसा वेळ काढून आली, म्हणून अवघड धडा आजच घेतला: तिसऱ्याने घुसणं आणि नॉक झालेल्याला आमिष ठेवणं.

पहिलं लवकर आटपलं. दोन संघ भिडले की आवाजाच्या दिशेने लगेच धावायचं नाही. किल फीडवर, म्हणजे कोणी कोणाला पाडलं ते स्क्रीनवर दिसतं तिथे, दोन-तीन नॉक दिसले की निघायचं. तोपर्यंत दोन्हीकडचे औषधपाणी करत असतात, मॅगझिन अर्ध्या असतात. तोड म्हणजे जिंकल्यावर लुटायला न धावता आधी जागा बदलणं. क्रेट, म्हणजे मेलेल्याच्या सामानाची पेटी, कुठे पळत नाही.

दुसऱ्या डावाला हात घालायला मी कचरत होतो, हे लिहून ठेवतो. शत्रूला नॉक करायचं, पण संपवायचं नाही. तो रांगत राहतो, त्याचे साथीदार उचलायला येतात, उचलणारा जागेवर खिळतो, आणि मग तो मारायचा. मला वाटलं होतं ताई म्हणेल हे मला नको. माणसं उचलणं हेच तिचं काम.

ती आमिष झाली. खळ्याशेजारी नॉक होऊन पडली. दादा धावला, पडला. काका धावले, पडले. भाचा एका दगडामागून "आई, आलो" म्हणत निघाला आणि तोही पडला. चौघंही एका झाडामागच्या एका बंदुकीने संपले. ती बंदूक माझी होती.

ताई चिडली, पण माझ्यावर नाही. तिघांकडे वळून म्हणाली, "तुम्ही धावलातच कसे? आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात: आधी जागा सुरक्षित आहे का ते बघायचं, मग पेशंट. रस्त्यावर माणूस पडला असेल तर आधी येणारी गाडी थांबवायची. विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच. तुम्ही पण पडलात तर मला कोण उचलणार?"

पुढचा अर्धा तास तिने घेतला. नॉक झालेल्याने आधी तोंडाने सांगायचं, गोळी कुठून आली, आणि जमेल तसं आडोशाकडे रांगायचं. बाकीच्यांनी त्या दिशेला धूर टाकायचा, पडलेल्याच्या अंगावर नाही. एकाने बंदूक त्या दिशेला धरायची, दुसऱ्याने उचलायचं. दोघं कधीच एका जागी नाहीत. आडोसा नसेल तर उचलायचं नाही, कितीही हाका मारल्या तरी. भाच्याने विचारलं, "तुला सोडून द्यायचं?" ती म्हणाली, "हो. आणि ते मी आत्ताच सांगून ठेवतेय, म्हणजे तेव्हा तुला विचार करावा लागणार नाही."

पुन्हा खेळलो. मी झाडामागून दोन मॅगझिन रिकाम्या केल्या आणि एकालाही लागली नाही. धूर विरला तेव्हा ताई उभी होती.

रविवार, १४ जुलै

दोन गोष्टी गाळायचं ठरलं.

पहिली, टीडीएममधला स्पॉन अडवण्याचा प्रकार. वेअरहाउसमध्ये चार विरुद्ध चार, चाळीस किल आधी करणारा जिंकतो. एका संघाने दुसऱ्याच्या स्पॉनच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. जिवंत झाल्यावर काही क्षण गोळी लागत नाही, पण ते संपले की लगेच मरण. आम्ही दीड तास त्याची तोड शोधली. चौघं चांगले खेळणारे एकदम बाहेर पडले तर निघते. आठवड्यातून पाच तास खेळणाऱ्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या चौघांना ती निघत नाही. ज्या डावाची तोड मी याच खोलीतल्या माणसांना शिकवू शकत नाही, तो डाव त्यांना शिकवणार नाही. टीडीएममध्ये आम्ही मधल्या कंटेनरच्या पुढे जायचं नाही, एवढाच नियम केला.

दुसरी गोष्ट भाच्याने आणली: दगडाच्या आत शिरून बाहेर गोळ्या मारता येतात असा कुठलासा व्हिडिओ. मी त्याला २०१४ चा किस्सा सांगितला. स्वीडनमध्ये ड्रीमहॅक विंटर ही स्पर्धा, काउंटर-स्ट्राइक या कॉम्प्युटरवरच्या बंदुकांच्या खेळाची उपांत्यपूर्व फेरी, ओव्हरपास नकाशा. एलडीएलसी विरुद्ध फनाटिक, आणि फनाटिक ३-१३ ने मागे. मग त्यांनी साथीदारांच्या अंगावर चढून, दिसत नसलेल्या एका कडेवर माणूस उभा केला. तिथून जवळपास अर्धा नकाशा त्याला दिसत होता आणि १६-१३ ने सामना फिरला. आयोजकांनी तो नकाशा पुन्हा खेळवायचं ठरवलं, पण फनाटिकने माघार घेतली आणि एलडीएलसीने पुढे ती स्पर्धाच जिंकली. पुण्यात शिकत असताना २००६ साली ज्या सायबर कॅफेत मी काउंटर-स्ट्राइक खेळायचो तिथे भिंतीवर कागद होता: ऑटो स्नायपर नाही, शील्ड नाही. ती दोन्ही हत्यारं खेळातच विकत मिळायची, तरी कॅफेने बंद केली होती. ते कॅफेचं घरचं बंधन होतं, तोडून कोणी अपराधी ठरत नव्हतं. दगडात शिरणं वेगळं. दगड आत शिरण्यासाठी बनवलेला नाही. भाच्याने ऐकून घेतलं. फार पटलं असं नाही. पुन्हा बोलावं लागेल.

रविवार, २१ जुलै

ताई वारीहून परतली, पाय सुजलेत, आज आली नाही. काकांनी, दादाने आणि भाच्याने चौथा कोणी अनोळखी घेऊन चार सामने खेळले. दोनदा पूल टाळला, एकदा बोट. एका सामन्यात काका शेवटच्या झोनमध्ये गवतात पडले नाहीत, दगडामागे उभे राहिले आणि गवतातले दोघं त्यांनीच काढले. चौथ्या क्रमांकावर संपले. खाली जाताना जिन्यात मोठ्याने तोच प्रसंग दादाला परत सांगत होते.

रात्री साडेदहाला ताईचं रेकॉर्डिंग आलं. नकाशावरच्या रोझोक गावातलं घर, ती शांतपणे आत शिरते, वर जाते, आणि वरच्या खोलीतून कोणीतरी तिला मारतो. खाली मेसेज: "दार बंद होतं म्हणून रिकामं समजले. त्याने आतून लावून घेतलं होतं रे."

पुढच्या रविवारी पहिला तास बंद दारांचा. खिडकीवर गोळी मारून काच फोडायची, पावलं हलतात का ते ऐकायचं, मग ठरवायचं. कस्टम रूम उघडायचं रूम कार्ड संपलंय, शनिवारपर्यंत आणायचं.